गालावरची तीट

गल्लीच्या तोंडाशी शलाकानं करकचून ब्रेक दाबला, तरी विनाचालक गाडी तिच्या तीनचाकी सायकलच्या पुढच्या पेटीला घासून गेली. पेटीत तान्ही रेवा होती.

रस्त्यावरचा रक्षक धावत आला. “ताई, बाळाच्या गालावरची तीट पुसा. तिच्यामुळं गाड्यांना चेहरा ओळखू येत नाही. त्यांना वाटतं, पेटीत सामान आहे.”

“सामान?” शलाकाचा आवाज चिरकला. “घरोघरी बाळांना तीट लावतात हो! या गाड्यांना शिकवणाऱ्यांनी एकही बाळ पाहिलं नव्हतं?”

“नियम आहे. पुसा आणि निघा.”

तिनं रेवाला छातीशी घेतलं, सायकल रस्त्यात आडवी लावली आणि पुढं उभी राहिली. शलाकाचा चेहरा दिसताच गाड्यांची रांग जागच्या जागी थांबली.

“अहो ताई, किती वेळ उभ्या राहणार?”

“हिला माणूस म्हणेपर्यंत.”