दहापैकी दहा

“बाई, फळ्यावर लिहून द्या, पोरं घोकतील. विषाची परीक्षा कशाला?” मुख्याध्यापक प्रयोगशाळेच्या दारातूनच म्हणाले. रसायनशास्त्राच्या बाईंनी कपाटातून आम्लाची बाटली काढली. त्यांच्या टेबलावर एका जुन्या विद्यार्थिनीची प्रयोगवही होती. ‘आम्ल पाण्यात ओतावे, पाणी आम्लात नव्हे,’ असं त्यात वळणदार अक्षरांत लिहिलेलं. खाली बाईंची सही, दहापैकी दहा. प्रयोग मात्र झालाच नव्हता. कारखान्यातल्या नोकरीच्या पहिल्याच दिवशी तिने आम्लात पाणी ओतलं आणि डोळे गमावले. वही तिच्या आईने बाईंना आणून दिली. तेव्हापासून बाटली उघडली की बाईंना ती मुलगी शेवटच्या बाकावर दिसे. आजही दिसली. तरी बाईंनी बाटली पहिल्या बाकावरच्या मुलीला दिली. तिने आम्ल पाण्यात ओतलं. “बाई, भांडं तापलं. हे पुस्तकात नाहीये. लिहू?” “दिसलं ते लिही,” शेवटच्या बाकाकडे पाठ करून बाई म्हणाल्या.