सवयीचं हसू

दिवसभर उन्हात शहर पाहून, तिथल्या प्रसिद्ध मनोऱ्यापुढे हसरे फोटो काढून नवरा, बायको आणि लेक अशी तिघं संध्याकाळी नदीकाठच्या हॉटेलात जेवायला बसली. बायकोने न विचारता सरबत मागवलं, तशी टेबलाखाली नवऱ्याच्या बुटाची टाच तिच्या पायाच्या बोटांत रुतली. "हस," तो वेटरकडे प्रसन्नपणे बघत पुटपुटला, "बाकीचं खोलीवर गेल्यावर." ती सवयीने हसली. खाली पडलेला चमचा उचलायला टेबलाखाली वाकलेली लेक ओरडली, "बाबा, पाय काढा ना! आईला रक्त आलंय!" "फार शहाणी झालीस गं," म्हणत त्याने तिला वर ओढून मनगट पिरगाळलं. पोर कळवळली, पण रडली नाही. लोकांकडे बघून आईसारखीच हसली. आईने समोरचा काटा उचलून त्याच्या पंजात आरपार खुपसला. मनगट सुटलं. तो गुरासारखा ओरडला, अख्खं हॉटेल उभं राहिलं. तिने लेकीला छातीशी धरलं. "आता रड, बाळा," ती म्हणाली, "मोठ्याने रड."