बाबांनी ऐकलेला सिनेमा

"इथेच फसलं," बाबा म्हणाले. "सुरुवातीलाच."

मुलगी खुर्चीतून अर्धवट उठली होती. मागच्या काचेकडे हात करून ऑपरेटरला थांबवणार, तेवढ्यात हे वाक्य आलं. तिचा हात हवेतच राहिला. मग ती हळूच खाली बसली.

"काय फसलं?"

"पोरगा परत येतो, दार वाजवतो, आणि आई रडते. अगं, तीच रडली तर प्रेक्षकाने काय करायचं?"

छोटं प्रिव्ह्यू थिएटर. मोजक्या खुर्च्या, दमट गालिचा, एसीची घरघर. प्रेक्षक दोघंच, त्यातल्या एकाला दिसत नव्हतं. डोळे गेल्यापासून बाबा सिनेमा ऐकायचे. तेही कानातलं यंत्र सारखं चाचपत.

आवाज : पावलं. भांडं पडतं. व्हायोलिन.

"आलं व्हायोलिन. शेजारी बसून कोपराने ढोसतंय. रड की. रड की."



शुक्रवारी तिचा सिनेमा लागणार होता. बाबांच्या सगळ्यांत गाजलेल्या सिनेमाचा रिमेक. ट्रेलर आल्यापासून लोक तिला धुवून काढत होते. मूळची सर नाही. बापाच्या नावावर जगते. कुणी सांगितला होता नसता उद्योग? निर्मात्याला पोस्टरवर छापायला बाबांचं एक चांगलं वाक्य हवं होतं.

तिलाही हवं होतं. पोस्टरसाठी नाही. तिच्या कुठल्याही कामाला बाबा आजवर 'ठीक आहे'च्या पुढे काही म्हणाले नव्हते.

दार किलकिलं झालं. ऑपरेटर.

"ताई, जरा बाहेर येता? एकच मिनिट."

"नंतर."

"अहो पण ताई, ते..."

"चालू राहू दे म्हटलं ना."

ऑपरेटरने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा बाबांकडे, आणि दार ओढून घेतलं.

"काय म्हणतो?" बाबांनी विचारलं.

"चहा हवाय का विचारत होता."

"मग नंतर कशाला म्हणालीस? एवढा लांबलचक सिनेमा."

आवाज : गर्दी. हुंदके. एक तरुण माणूस बोलू लागतो. बोलतच राहतो.

"हा कोण?"

"मुलगा. वडील गेलेत."

"वडील गेलेत आणि हा भाषण ठोकतोय! घरातलं माणूस गेलं की लोक चष्मा शोधतात, डॉक्टरचा नंबर शोधतात, एकमेकांवर खेकसतात. एवढं शुद्ध कोण बोलतं?"

"मूळ सिनेमातलं हे भाषण लोकांना तोंडपाठ आहे, बाबा."

"मूळ सिनेमाचं मला सांगू नकोस."

मुलीच्या ओठांवर हसू आलं. अंधारात ते कुणालाच दिसलं नाही.

"अजून काय खटकतं? सांगा ना. काही राखून ठेवू नका."

"राग येईल तुला."

"नाही येणार. शप्पथ."

बाबा थोडा वेळ ऐकत राहिले.

आवाज : पेला ठेवल्याचा. खुर्ची सरकवल्याचा. कुणीतरी खोलीतून जातं.

"ही बहीण ना? आल्यापासून पेले भरतेय, खुर्च्या सरकवतेय. तिला काय हवंय, हे कुणी विचारलंय का तिला? भावाचं दुःख मोठं, आईचं दुःख मोठं, आणि ही घरातलं फर्निचर. हा सिनेमा काढणाऱ्याला आपल्या माणसांकडे बघताच येत नाही."

मुलीचं हसू मावळलं.

शेवट आला. व्हायोलिन पुन्हा एकदा कळवळलं आणि थांबलं. दिवे लागले.

"एक तरी गोष्ट आवडली?" तिने विचारलं.

"संपला ते."

हे वाक्य तिला बरोबर हवं तसं मिळालं होतं. ती त्यांच्याकडे वळून बसली.

"बाबा, ऑपरेटरने चुकून दुसरीच फाइल लावली. दोन्ही सिनेमांचं नाव एकच, झाला घोटाळा. मी थांबवणार होते. पण तुम्ही बोलायला लागलात." ती त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. "हा माझा नव्हताच. इतका वेळ तुम्ही तुमच्याच सिनेमाला नावं ठेवत होतात."

"हो," बाबा म्हणाले. "लगेच कळलं मला."

"कळलं?"

"इतकी वर्षं लोक डोक्यावर घेऊन नाचतायत त्याला. कुणाला सांगणार, बाबांनो, चुकलंय माझं सगळं? कुणी ऐकूनच घेत नाही. नम्रपणा म्हणतात त्याला, नम्रपणा! आज तुझ्या नावावर खपवून का होईना, बोलून घेतलं एकदाचं."

त्यांनी चाचपडत तिचा हात शोधला. घट्ट धरला.

"तू याला हात घातलास ना पोरी, तेव्हा जग तुझ्यावर तुटून पडलं. मी मात्र सुटलो. म्हटलं, माझ्याच्याने झालं नाही ते ही करेल. तेवढीच आशा उरली होती मला."

त्यांचा चेहरा उजळला होता. असा तिने तो कधीच पाहिला नव्हता.

"चल, लाव आता तुझा. पण आधी सांग, काय काय बदललंस?"

"काहीच नाही, बाबा."