उपकरणांची यादी

नियतकालिकाच्या साच्यात शोधनिबंध बसवून झाला, तेव्हा लेखकांच्या रकान्यात फक्त आकडेमोड करणाऱ्या यंत्राचं नाव उरलं होतं. अकरा वर्षं खाडीच्या चिखलात उतरून कालवं मोजणारी मृण्मयी पेडणेकर उपकरणांच्या यादीत गेली होती, सूक्ष्मदर्शक आणि गमबूट यांच्या मधे.

"आता माणसं तिथंच टाकतात," विभागप्रमुख सदावर्ते म्हणाले. "तपशील भरा आणि पाठवून द्या. मीही गेल्या वर्षी भरला."

मृण्मयीने भरायला घेतलं. वजन, बावन्न किलो. उत्पादनाचं ठिकाण, मालवण. शेवटचा रकाना होता, बंद करण्याची पद्धत.

"सर, तुम्ही इथं काय लिहिलंत?"

"निवृत्ती."

तिने लिहिलं, "अजून कुणाला सापडलेली नाही," आणि निबंध पाठवून दिला.