फुटके कान

आमचे चिरंजीव सत्काराचा हार गळ्यातून उतरवायला तयार नव्हते. जेवायलाही तसेच बसले, पाकळ्या रश्शात पडत होत्या.

परदेशी क्लबात बारा वर्षं रग्बी खेळून हा निवृत्त झाला. दोन्हीकडचे गडी डोक्याला डोकं अडकवून रेटतात, त्यात सगळ्यात पुढे खांदा देणारा हा. त्या रेट्यात कान फुटले, चेंगरून गाठाळ झाले, कोल्हापूरच्या तालमीतल्या पैलवान बापासारखे. ते कान मी गल्लीभर मिरवले.

जेवताना तो दोस्तांना हसत सांगत होता, "शेवटच्या मॅचला हरत होतो. मी मुद्दाम गुडघा टेकला, अख्खा ढीग कोसळला. पंचाला वाटलं, समोरच्यानंच पाडला. पेनल्टी आम्हाला, मॅचही आमची."

"आणि समोरचा पोरगा?" मी विचारलं.

"मानेला पट्टा आहे. खेळात चालतं, आई."

दोस्त हसले. वाढता वाढता मला मान वर करवेना. याचा बाप पाडलेल्या गड्याच्या पाठीची माती आधी स्वतःच्या हातानं झाडायचा, मग फेटा बांधून घ्यायचा.

मी पळी खाली ठेवली.

"हार काढ. कान तेवढे बापावर गेलेत तुझे."