पाठीखालचा हात

"आज पाण्यात उतरण्याआधी प्रत्येकानं सांगायचं," शिट्टी गळ्यात अडकवत मास्तर म्हणाले, "आपलं कोण गेलं ते."

हातातला टॉवेल काठावर ठेवून ती रांगेच्या टोकाला सरकली. इतकी वर्षं कुणी विचारलं नव्हतं, यंदाच ही टूम कुठून निघाली? होडी उलटून गेलेल्यांचे नातलग दरवर्षी त्याच तारखेला या पोहण्याच्या तलावावर जमायचे आणि येतील त्या पोरांना फुकट शिकवायचे. पाण्यानं आपली माणसं नेली, आता दुसऱ्याचं एक तरी पोर त्याला मिळू द्यायचं नाही, असं मास्तर म्हणत. तीही यायची. कोपऱ्यातल्या उथळ पाण्यात पोरांच्या पाठीखाली हात धरून त्यांना तरंगायला लावायची. पण हात काही काढायची नाही. बाकीचे हसायचे. "अहो मावशी, सोडा की जरा! पोहायला आलंय ते, कडेवर बसायला नाही!"

हसेनात का. वर्षभर ती जगायची ती या एका दिवसाच्या आशेवर. आणि आज तोच हातचा जाणार होता.

"माझा भाऊ." छपाक.

"आई-बाबा, दोघंही." छपाक.

"माझी थोरली," शाळेत गणित शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या. त्यांची धाकटी त्यांच्या पायांना मिठी मारून उभी होती. पाण्याकडे बघायलाही तयार नव्हती.

नुसतं 'यजमान' म्हणावं का? खोटं थोडंच आहे? बुडाले तर तेही होतेच. पण खाई त्याला खवखवे. ते होडीत कुठे बसले होते, असं कुणी विचारलं तर? चारचौघांत ती कधी रडलीसुद्धा नव्हती. कोणत्या तोंडानं रडणार?

"मावशी, तुमचं कोण?"

 तिच्या तोंडून एकदम बाहेरच पडलं. "माझे यजमान. होडी तेच चालवत होते. मावतील त्याहून जास्त माणसं भरली त्यांनी."

पुढे कुणी उडी मारली नाही.  झालं, संपलं सगळं. ती टॉवेल उचलायला वाकली. डोळे भरून आले ते आलेच.

वर पाहते तर समोर गणिताच्या बाई. त्यांनी धाकटीचा हात तिच्या हातात दिला.

"हिला तुम्ही शिकवा."

"मी? अहो, ऐकलंत ना मी कोण ते?"

"ते मला पहिल्या वर्षापासून माहीत आहे." बाईंनी धाकटीला आणखी पुढे केलं. "राग नाही असं नाही हो. पण पोर हातातून निसटेल म्हणून तुमच्याइतकं घाबरणारं इथे दुसरं कोण आहे?"