न हलणारं जहाज

मिकासा या शंभर वर्षांहून जुन्या युद्धनौकेवर पाय ठेवताच इंदुमतीने एका हाताने कठडा पकडला आणि दुसऱ्या हाताने लिंबू नाकाशी धरलं. पेडणेकरांनी नौदलात अठ्ठावीस वर्षं काढली, पण बायको त्यांच्या जहाजावर एकदाच आली होती आणि दोर सुटायच्या आतच ओकून खाली उतरली होती. जपानात योकोसुकाला लेकीकडे आल्यावर आज त्यांनी तिला कसंबसं तयार केलं होतं.

दहा मिनिटांत कठडा सुटला. अर्ध्या तासात ती तोफेला टेकून फोटो काढून घेत होती. "अहो, मला काहीच होत नाहीये! तुमचं जहाजच खटारा होतं."

"बाबा, याचं बूड काँक्रीटमध्ये रोवलंय," लेक कुजबुजली. "ते हलणार कसं?"

"गप. जहाजावर पहिल्यांदा हसतेय ती."

शेजारच्या धक्क्यावर जवळच्या बेटाकडे जाणारी बोट उभी होती. इंदुमतीने लिंबू लेकीच्या पर्समध्ये टाकलं. "चला, आता हिच्यातून जाऊ. इतकी वर्षं उगाच घाबरले."

खरं सांगून टाकावं, असं पेडणेकरांना दोनदा वाटलं. तोवर तिने तिकिटांच्या रांगेत नंबरही लावला होता.

बोट सुटली, लाटेवर चढली आणि दणकन खाली आली. पेडणेकर श्वास रोखून बायकोच्या चेहऱ्याकडे बघत राहिले.

तिने वाऱ्यावर उडणारा पदर खोचला. "मघाच्या जहाजापेक्षा ही जरा जास्त हलते, नाही हो?"

"किंचित," पेडणेकर म्हणाले.